हळदीला आबा नाचणार!

ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकात मी आजवर एकदाही थांबलेलो नाही! हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण डोंबिवलीतला कुठलाही रिक्षावाला तुम्हाला सांगेल की त्या फाटकात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. गुळगुळीत दाढी करून निघालेला माणूस फाटक उघडेपर्यंत परत दाढीला येतो. पण नाथाची रिक्षा? फाटकवाला नुसता उठला की मला इकडे कळतं. नाक पुढे घालायचं, हँडल पिळायचं, की पलीकडे! मागे बसलेल्या बाईने देवाचं नाव अर्धं घेतलेलं असतं. उरलेलं ती पलीकडे गेल्यावर घेते.

वाट बघणं माझ्या अंगातच नाही. चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवतो. सिनेमाला गेलो की शेवट शेजारच्याला आधीच विचारून घेतो. मुलगी बघायला गेलेलो तेव्हा पोहे यायच्या आत लग्न ठरवून मोकळा झालेलो. तुळसा अजून ऐकवते, “तुमी मला कुठं बघितलं? तुमी घड्याळाला बघत व्हते!”

तर अशा माणसाच्या बापाला लकवा मारला.

एक्याण्णव सालचा मार्गशीर्ष. आबा सकाळी ओटीवर मिसरी लावत बसलेले. आबांचं नाव दामाजी, पण गावात त्यांना सगळे आबाच म्हणत. जन्मभर मिठागरात चिखल तुडवलेला, पोटऱ्या अशा की डॉक्टरांची सुई वाकावी. हातातली मिसरीची डबी खाली पडली. आई बोलली, “उचला की!” आबांनी डबीकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि हात काही उचलेना. मग तोंड एका बाजूला ओघळलं आणि ते भिंतीला टेकून हळूहळू घसरले.

मी त्यांना रिक्षात घातलं आणि कल्याण गाठलं. कसं गाठलं ते विचारू नका. वाटेत एका हातगाडीवरचे टोमॅटो माझ्या टपावर आले. पण डॉक्टर बोलले, “वेळेवर आणलंत म्हणून वाचले.” ऐकलंत? माझ्या घाईने बाप वाचला! मला तर तेव्हाच वाटलं, आता पुढचंही असंच फटाफट उरकून टाकू.

“आता पुढे काय?” मी विचारलं.

“उजवा हात आणि उजवा पाय गेलाय. वाचाही गेली आहे. व्यायाम करायचा, रोज. महिने लागतील, कदाचित वर्षही.”

“इंजेक्शन नाही काही?”

“नाही.”

“परदेशातलं?”

“नाही.”

“मग गोळ्या डबल केल्या तर?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता वाचा गेली म्हणाले, पण अगदीच गेली नव्हती. एक शब्द राहिला होता. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर आबांनी आईकडे बघितलं, ओठ जुळवले, मान ताणली आणि स्पष्ट बोलले, “बोंबील!”

आई रडायची थांबली. तुळसा घरी पळाली आणि डबा घेऊन आली. आबांनी डब्याकडे बघितलंही नाही. बोटाने पाण्याचा तांब्या दाखवला आणि बोलले, “बोंबील.”

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. टिळकनगरात राहायच्या, सुती साडी, आवाज इतका हळू की मला त्यांच्या वाक्याच्या मध्येच घुसावंसं वाटे. त्या म्हणाल्या, “शब्द आत सगळे आहेत. बाहेर यायची वाट बुजली आहे. त्यातून हा एकच निसटून आला. तेव्हा ते ‘बोंबील’ म्हणाले की शब्द ऐकू नका, चेहरा बघा.”

मग त्यांनी आबांच्या उजव्या हातात कापडाचा एक चेंडू दिला आणि त्यांची बोटं त्याच्यावर मिटवली. “दाबा, आबा.” चेंडू तसाच. “दाबा, आबा.” चेंडू तसाच. “छान. पुन्हा दाबा.” मी दारात उभा होतो. छान काय त्यात? चेंडू तर जसाच्या तसा! आणि आई मान हलवत होती, जशी काही कीर्तनाला बसली आहे.

मी रिक्षा काढली आणि निघून गेलो.

आता खरी भानगड इथे सुरू होते. माझ्या बहिणीचं, सरोजचं, लग्न ठरलेलं. वैशाखात. मुलगा शीळफाट्याच्या पुढच्या गावातला, घर चांगलं. आबांचं कळल्यावर मुलाचा बाप राघोशेठ भेटायला आला. भला माणूस. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच बोलला, “मी काय बोलतो नाथा, दामाजीला बरं वाटेपर्यंत थांबायचं का? पुढच्या साली करू.”

थांबायचं! हा शब्द माझ्यासमोर!

“काही थांबायचं नाही, राघोशेठ!” मी बोललो. “हळदीला आबा स्वतःच्या पायांनी मांडवात येतील. येतील काय, नाचतील!”

तुळसाने मागून असा चिमटा काढला की त्याची खूण आठवडाभर होती.

“नाचतील?” राघोशेठ बोलला.

“नाचतील! माझा शब्द!”

तेवढ्यात कॉटवरून आबा जोरात बोलले, “बोंबील!”

राघोशेठने घाईने हात जोडले. “नको नको व्याही, जेवूनच आलोय!”

आबांचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. बाईंनी सांगितल्याप्रमाणे चेहरा बघितला असता तर कळलं असतं. पण मी तारखा मोजत होतो.

स्टँडवर माझा दोस्त भिवा. ह्या भिवाकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीला इलाज आहे, फक्त त्याच्या स्वतःच्या रिक्षाच्या क्लचला नाही. तो बोलला, “टेन्शन कायको लेता है? माजिवड्याला हायवेच्या कडेला तंबू लागलाय. सात पिढ्यांचं तेल. तीन मालिशमध्ये माणूस पळतो!”

“पळतो?”

“अरे, बिल न देता पळतो!”

मी आबांना रिक्षात बसवलं, चादरीने सीटला बांधलं आणि माजिवड्याला घेऊन गेलो. आई नको नको करत मागे धावत आली, पण मी कुठे थांबतोय!

तंबूत मिशावाला एक पैलवान होता. त्याने आबांच्या मेलेल्या पायावर लालभडक तेल ओतलं आणि कणीक तिंबावी तसा पाय तिंबायला लागला. थोड्या वेळाने आबा ओरडले, “बोंबील!”

“देखा?” पैलवान बोलला. “आवाज खुल गया!”

“बोंबील! बोंबील!”

“और खुल रहा है!”

मी आनंदाने भिवाला मिठी मारली. घरी पोचेपर्यंत आबांच्या पायावर फोड आले होते, उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तशी कातडी सुटत होती. बाई आल्या, पाय बघितला, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज थोडा चढला. “आता हे भरेपर्यंत या पायाला हात लावता येणार नाही. किती मागे गेलो आपण, कळतंय का तुम्हाला?”

मला एवढंच कळलं की हळद जवळ येतेय आणि हातात वेळ नाही. म्हणजे अजून जोराचा इलाज पाहिजे!

तो ठाण्याच्या एका प्रदर्शनात मिळाला. विजेचं यंत्र. रेडिओएवढी पेटी, तिला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन पितळी चकत्या, आणि मधोमध एक बटण. बटणाला तीन खुणा होत्या : सावकाश, मध्यम, जलद. आता माझ्यासारखा माणूस बटण कुठे फिरवणार, हे तुम्हाला सांगायला नको.

आई बाजाराला गेलेली. मी आबांच्या दंडाला आणि मनगटाला चकत्या बांधल्या, वायर लावली, बटण जलदवर नेलं. आणि काय सांगू! हात उडाला! दोन महिने मेलेला हात कोंबडीच्या पंखासारखा फडफडायला लागला!

“बोंबील!” आबा ओरडले.

“तुळसा! अगं तुळसा! हात आला! आबांचा हात आला! ते बोंबील मागतायत, तळायला घे!”

तुळसा आनंदाने चुलीकडे धावली. माझ्या आरोळ्या ऐकून आळी गोळा झाली. शेजारचे नामाकाका आले. नामाकाका आणि आबा मिठागरातले जोडीदार, रोज संध्याकाळचा चहा एकत्र प्यायचे. नामाकाकांनी हात उडताना बघितला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “माझा दामाजी उठला रं!” लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी नारळ फोडला. मी बटणावर हात ठेवून उभा, गारुड्यासारखा! “बघा, आता मध्यम! आता परत जलद!”

“बोंबील! बोंबील! बोंबील!”

“आणतेय हो आबा, आणतेय!” आतून तुळसा ओरडली. तव्यावर चर्र आवाज झाला.

मग गर्दी बाजूला करत आई आत आली. तिने हाताकडे बघितलंच नाही, चेहऱ्याकडे बघितलं. पिशवी टाकली आणि भिंतीतून वायर उपटली.

हात धप्पकन पडला. पहिल्यासारखाच.

“दुखतंय रं त्याला!” आई बोलली. “दुखतंय म्हणून आरडतोय तो!”

“पण आई, ते बोंबील...”

“पानी पायजे तरी बोंबील. लाज वाटली तरी बोंबील. मला हाक मारायची तरी बोंबील! तुला एवडंपन कलत नाय?”

आबांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहून उशी ओली झाली होती. मनगटावर चकतीच्या आकाराचा लाल डाग होता. एक-एक करून माणसं खाली मान घालून गेली. दोघं-तिघं आतल्या खोलीत बसून तळलेले बोंबील खाऊन मग गेली, कारण वास खरंच चांगला सुटला होता.

त्या दिवसापासून एक गोष्ट झाली. माझ्या रिक्षाचा आवाज आळीत आला की आबा तोंड भिंतीकडे करायचे.

मला ते दिसायचं. पण मी स्वतःला सांगितलं, हळदीत नाचले की राग जाईल.

त्यानंतर आईने मला आबांच्या जवळ फिरकू दिलं नाही. मी सकाळी धंद्यावर जायचो. मागे ती, बाई आणि तुळसा काय करायच्या, ते मला माहीत नव्हतं. एकदा तुळसा बोलली, “आबा आज कॉट सोडून उभे राहिले. आईंच्या खांद्याला धरून.”

“किती वेळ?”

“मी दहा आकडे म्हणेपर्यंत.”

“दहा आकडे!” मी कपाळ बडवलं. “मांडव बाहेर अंगणात लागणार आहे, तुळसा! दहा आकड्यांत माणूस उंबरठासुद्धा ओलांडत नाही!”

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही सांगितलंच नाही.

हळदीचा दिवस उगवला. अंगणात मांडव, दारात केळीचे खुंट, सारवलेली जमीन. धवलारीण म्हातारी सकाळपासून लग्नाची गाणी गात होती. संध्याकाळी बँडवाले आले. बाईंनी आणि आईने ठरवलेलं : आबांना खुर्चीत बसवायचं, खुर्चीला झेंडूच्या माळा, आणि चौघांनी उचलून मांडवात आणायचं. सुरेख दिसलं असतं. पण राघोशेठ आल्या आल्या मोठ्याने बोलला, “काय नाथा! नाचणार ना आमचे व्याही?” आणि सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

“नाचणार!” मी बोललो. तोंडाला सवयच तशी.

आतल्या खोलीत आबा नवीन धोतर नेसून, फेटा बांधून कॉटवर बसले होते. आई पाहुण्यांत अडकलेली. मी आणि भिवा आत घुसलो. भिवाच्या हातात दुसरा एक फेटा होता.

“सिंपल आयडिया आहे,” भिवा बोलला. “आबांचा उजवा पाय तुझ्या डाव्या पायाला बांधायचा. वरून धोतर. तू पाय उचलला की त्यांचा उचलणार. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, म्हातारा चालतोय!”

ही कल्पना ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाने भिवाला बाहेर काढलं असतं. मी बोललो, “लवकर बांध!”

भिवाने गुडघ्यापासून घोट्यापर्यंत असं करकचून बांधलं की माझी बोटं बधिर झाली. आबांनी माझा खांदा डाव्या हाताने लोटायचा प्रयत्न केला. “बोंबील,” ते हळू बोलले. “बोंबील, बोंबील.” मी चेहरा बघितला नाही. त्यांचा हात माझ्या गळ्यात टाकला, कमरेला धरलं आणि उठवलं.

आम्ही दारात आलो. एक पाऊल. दुसरं पाऊल. मांडवातली बडबड थांबली. तिसरं पाऊल. मग नामाकाका ओरडले, “दामाजी चालला!” आणि असा गलका झाला की केळीचे खुंट हलले! सरोज पाटावरून हळदीच्या अंगाने उठली. बायका रडायला लागल्या. राघोशेठने टोपी हवेत उडवली. आणि इथे माझं नशीब फुटलं, कारण बँडवाल्यांना वाटलं, हाच इशारा!

ढोल सुटला. पोरं नाचत आमच्या अंगावर आली. कोणीतरी हळदीचं पाणी उडवलं, जमीन निसरडी झाली. भिवा मागून ओरडला, “आता नाच, नाथा, नाच!” राघोशेठ हात पसरून मिठी मारायला धावत आला. आबा थांबले. त्यांना पाय नीट टेकवायला वेळ हवा होता. एक श्वास, जास्त नाही. ढोल मात्र थांबेना, आणि मीही नाही. मी पाय उचलला.

आम्ही पडलो. ते खाली, मी वर. बांधलेले, त्यामुळे मला बाजूला होता आलं नाही, सगळं वजन त्यांच्यावर गेलं. त्यांच्या कमरेत काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. ढोलाच्या गजरात तो फक्त मलाच ऐकू आला असेल.

लोकांना वाटलं, हाही नाचाचाच भाग! त्यांनी शिट्ट्या वाजवल्या! राघोशेठ आमच्याभोवती गोल फिरून नाचला. मी ओरडत होतो, “थांबा! थांबा रे!” आणि आयुष्यात पहिल्यांदा मला थांबायला हवं होतं तर कोणी थांबेना.

शेवटी आईने ढोलावर जाऊन हात मारला. मग ढोल थांबला. भिवाला गाठ सुटेना. त्याने ओढली तशी ती अजून आवळली. कोणीतरी कोयता आणायला पळालं. तोपर्यंत मी बापाला बांधलेला, हळदीच्या चिखलात, तोंडासमोर तोंड. इतक्या जवळून मी त्यांना लहानपणानंतर बघितलं नव्हतं. हळदीने पिवळ्या झालेल्या गालांवर दाढीचे पांढरे खुंट, एक डोळा अर्धा मिटलेला. मी वाट बघत होतो, ते ओरडतील म्हणून.

आबा काहीच बोलले नाहीत. होता तो एक शब्दसुद्धा नाही.

सरोजचं लग्न दुसऱ्या दिवशी लागलं. बँड न वाजता. निरोप घ्यायला ती हॉस्पिटलात आली, आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेली. आबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला दोरी बांधून कॉटच्या टोकाला वजन लटकवलेलं. डॉक्टर बोलले, पुढे ऑपरेशन, आत स्टीलची पट्टी टाकावी लागेल, आणि चालण्याचं आता डोक्यातून काढा. किती दिवस लागतील, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

बाहेर बाकावर आई बसली होती. ती बोलली, “काल सकाली तुजा बाप अंगनातल्या तुलशीपतूर चालत गेला व्हता. माझा खांदा धरून. सरोजला दावायचं व्हतं त्याला.” एवढंच. पुन्हा तो विषय तिने कधीच काढला नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आईची कंबर त्या दगदगीत धरली. तुळसाला घर होतं. म्हणून कॉटजवळ मी बसायला लागलो. रिक्षा भिवाला दिली. त्याने पहिल्याच आठवड्यात तिचाही क्लच घालवला.

बाई हॉस्पिटलात आल्या. मला वाटलं, आता माझी सालटी काढणार. त्यांनी नुसतं विचारलं, “ते आता परत पहिल्यापासून शिकणार. तुम्ही त्यांच्याबरोबर शिकाल?”

“सांगा! काय करू?” मी ताडकन उठलो.

“बसा. हात कॉटवर ठेवा, असा उताणा. त्यांच्या डाव्या हाताजवळ. आणि काही करू नका.”

“मग?”

“मग काही नाही. त्यांनी स्वतः धरला तर धरू द्या. तुम्ही धरायचा नाही. ते घाबरतात तुम्हाला.”

मी बसलो. हात उताणा. आबांनी मान पलीकडे वळवली. मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या खांद्याला कळा, पायाला मुंग्या, पंखा कुरकुरतोय, समोरच्या कॉटवरचा म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवतोय. एकदा बाजूच्या पेशंटला भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझा पसरलेला हात बघितला, “अगं बाई, गरीब दिसतोय बिचारा” म्हणाली आणि त्यात एक मोसंबं ठेवून गेली! मला ते परतही देता येईना. हात हलवायचा नव्हता ना! मोसंबं धरून बसलो.

जेठ संपला. बाहेर पाऊस लागला. आबा माझ्याकडे बघायचे नाहीत, मी हात काढायचो नाही. मधल्या काळात त्यांचं ऑपरेशन झालं, ताप आला, पाठीला जखम झाली, ती भरली. एका रात्री डॉक्टर बोलले, सांगता येत नाही. तरी आबा तगले.

मग एका दुपारी मी बसल्या बसल्या पेंगलो. जाग आली ती तळहातावर काहीतरी जड वाटलं म्हणून. मला वाटलं, परत मोसंबं. डोळे उघडले तर आबांचा हात होता. त्यांनी तोंड पलीकडेच ठेवलेलं, पण हात माझ्या हातात. मी हात तसाच ठेवला. जेवणाचा डबा आला, थंड झाला, परत गेला. नर्स बोलली, “अहो, उठा, चादर बदलायची आहे.” मी बोललो, “बदला ना. माझ्यासकट बदला.”

आता आबा घरी आहेत. चाकांच्या खुर्चीत ओटीवर बसतात. चालणार नाहीत. ते मी माझ्या हाताने घालवलं, आणि ते परत आणायचं यंत्र कुठल्याही प्रदर्शनात मिळत नाही. डाव्या हाताने जेवतात, ताटातलं अर्धं धोतरावर. मी समोर बसतो. मध्ये घास भरवायला हात शिवशिवतो, मग मी तो मांडीखाली दाबून ठेवतो.

शब्द मात्र एकही नव्हता, मांडवात पडल्यापासून ‘बोंबील’सुद्धा नाही. बाई म्हणाल्या, “एखादं जवळचं नाव घेऊन बसा. रोज. कंटाळू नका.” जवळचं नाव म्हणजे अर्थातच माझं! मी रोज सकाळी, भिवाकडून परत घेतलेली रिक्षा धंद्याला काढायच्या आधी, त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसायला लागलो.

“ना... था. बोला आबा. ना... था.”

आबा माझ्या ओठांकडे बघायचे. त्यांचे ओठ हलायचे, लाळ गळायची, मी पुसायचो. परत. ना... था. सकाळी फाटकाजवळची गिऱ्हाइकं दुसरे पळवायचे, पळवू देत. गणपती गेले, दिवाळी गेली. सरोज बाळंतपणाला आली, तीही माझ्याशी बोलायला लागली. “दादा, अजून काहीच नाय?” “नाय. ओठ मिटतायत मात्र.” ना... था. संक्रांत गेली, सरोजला बाळ झालं, शिमगा गेला.

परवा सकाळी आम्ही असेच बसलो होतो. आई भाकऱ्या थापत होती, सरोज बाळाला पाजत होती. मी बोललो, “ना... था.” आबांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. कपाळावर घाम आला. ओठ उघडले. आणि आतून, खोल विहिरीतून कळशी वर यावी तसा, आवाज आला,

“ना...”

आईच्या हातातली भाकरी थांबली. सरोज उठून उभी राहिली. तुळसा दारात आली. मी स्टुलावरून पडायचा बाकी होतो, पण घाई केली नाही! तुम्ही साक्षी आहात, मी अजिबात घाई केली नाही! नुसता बघत राहिलो.

“ना...” आबा बोलले. त्यांनी माझ्यावरून नजर उचलली, माझ्या खांद्यावरून पलीकडे नेली, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात बोलले, “नामा!”

माझ्या मागे, ओटीच्या पायरीवर, नामाकाका चहाचा कप घेऊन उभे होते.

मग काय विचारता! नामाकाका कप टाकून आबांच्या गळ्यात पडले. “माझं नाव घेतलं रं! पयलं माझं नाव घेतलं!” दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या गावात पेढे वाटले, स्टेशनपर्यंत जाऊन वाटले, भिवालासुद्धा दोन दिले. राघोशेठ खास बघायला आला. आबांनी त्यालाही ‘नामा’ म्हटलं. आईला म्हटलं, तुळसाला म्हटलं, बाळाला म्हटलं. मला म्हटलं तेव्हा मात्र हसले, एका बाजूने.

बाई आल्या, ऐकलं आणि डोळे पुसले. मी हळूच विचारलं, “बाई, माझ्या नावाला साधारण किती...” आणि जीभ चावली.

आज सकाळी परत स्टूल घेऊन बसलो. नामाकाकाही शेजारी खुर्ची टाकून बसले, ते आता स्वतःला मास्तर समजतात.

कोणी विचारलं तर सांगा, ‘ना’ आलाय. ‘था’वर काम चालू आहे!